पट्टा नीट बसला पाहिजे

ड्रेसिंग सुटलं आणि डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने आरसा धरला. नवा फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाच्या तोंडावर असतो तसा आनंद त्यांच्या तोंडावर होता. मागे तीन शिकाऊ डॉक्टर. पलंगाच्या पायथ्याशी नवरा. नर्सने गाऊन खांद्यावरून खाली घेतला तेव्हा बाईला कुणी विचारलं नाही. राऊंडच्या वेळी विचारायची पद्धत नसते.

कंडक्टरबाईने आरशात पाहिलं. डावीकडे तिचा आयुष्यभराचा स्तन होता. उजवीकडचा कॅन्सरने नेला, त्या जागी नवा बसवला होता. गोल, ताठ, कडेने टाके. आणि चांगलाच मोठा.

"हा मोठा आहे," ती म्हणाली.

सूज आहे, डॉक्टर म्हणाले. सूज मला कळते, ती म्हणाली.

ऑपरेशनच्या आधी तिने त्यांना एकच गोष्ट बजावली होती. होता तेवढाच बसवा, तसूभर जास्त नको. अर्धं आयुष्य तिने भरलेल्या बसमध्ये पैशांची बॅग गळ्यात तिरकी अडकवून काढलं होतं. त्या बॅगेचा पट्टा दोहोंच्या मधोमध बसतो. तो नीट बसला की हात मोकळे राहतात आणि मुद्दाम अंगावर रेलणाऱ्याला कोपर देता येतं. तिला परत त्याच बसमध्ये तोच पट्टा घालून उभं राहायचं होतं. बास.

डॉक्टर समजुतीने हसले. म्हणाले, टेबलावर दोन मापं होती, तुम्ही गुंगीत होतात, म्हणून बाहेर येऊन मिस्टरांना विचारून घेतलं. आता दुसरी बाजू पुढच्या महिन्यात याच्याशी जुळवून टाकू. छोटं काम आहे.

"दुसऱ्या बाजूला काय झालंय?"

"झालं काहीच नाही. पण जोडी दिसायला नको का?"

नवऱ्याने मान खाली घातली असती तर एक वेळ चाललं असतं. तो तर भाव पाडून सोफा मिळवल्यासारखा खुशीत होता. "अगं, एवीतेवी करतोच आहोत, तर म्हटलं जरा बरं करून घ्यावं. तुझ्यासाठीच ना."

करतोच आहोत म्हणे. कापलं हिला आणि करतोय हा.

वॉर्डात याच ऑपरेशनच्या आणखी दोघी होत्या. शेजारच्या पलंगावर आजी, ज्यांना त्यांच्याच सुनेने विचारलं होतं की आता या वयात कुणाला दाखवायचंय. आणि खिडकीपाशी पार्लरवाली. तिघींचा एकेकच हात धड होता, दुसरा खांद्याच्या वर जात नव्हता. आजी केसांचे पेड धरायच्या, पार्लरवाली एका हाताने कंडक्टरबाईची वेणी घालायची. कमरेला लटकणाऱ्या, रक्तपाणी जमणाऱ्या बाटल्यांना आजींनी नणंदा नाव ठेवलं होतं, कारण संडासात गेलं तरी मागे येतात. हसलं की टाके ओढत, म्हणून बाकीच्या दोघी आजींना दम देत आणि पुन्हा हसत. रडायला आलं तर कारण विचारायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. आत्ता आजी आणि पार्लरवाली आपापल्या पलंगावर उठून बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

"हा काढा," कंडक्टरबाई म्हणाली, "आणि होता तेवढा बसवा. चांगल्याला हात लावायचा नाही."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. परत भूल, परत चिरफाड, इतकं देखणं काम कुणी बिघडवतं का. ते बराच वेळ बोलले. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला आणि पायथ्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

नवऱ्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पलंगाभोवतीचा पडदा खडखडत सरकला. एका बाजूने आजी ओढत होत्या, दुसऱ्या बाजूने पार्लरवाली, दोघी आपापल्या धड हाताने. दोघींच्या नणंदा कमरेशी हिंदकळत होत्या.

"अहो आजी, मी तिचा नवरा आहे."

"असशील रे बाबा. तू बाहेर थांब. बाहेरच्यालाच विचारायची पद्धत आहे ना इथे."

शिकाऊ तिघे आत घोटाळत राहिले. कंडक्टरबाईने आवाज लावला, ड्यूटीवरचा, शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. "दारात उभं राहायचं नाही. चला, पुढे सरका." ते विचार करायच्या आधीच सरकले आणि पडद्याबाहेर गेले. आजी आणि पार्लरवाली आतून पडद्याची दोन टोकं एकावर एक धरून उभ्या राहिल्या.

कंडक्टरबाईने डाव्या हाताने गाऊन स्वतःच वर ओढून घेतला.

"आता विचारा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. घसा साफ केला. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खाली नवऱ्याचे काळे बूट दिसत होते, जागचे न हललेले. डॉक्टरांची नजर त्या बुटांवर गेली आणि तिथेच राहिली.

ती थांबली. बसच्या पायरीवर कुणाचा पाय दिसत असेपर्यंत बेल मारायची नसते.