अण्णांच्या शेजारी

"मला नाही यायचं," ऋजुता म्हणाली आणि तिने प्लास्टरचा पाय चादरीखाली ओढून घेतला.

जान्हवी स्कूटीची किल्ली हातात घेऊन दारातच उभी होती. ती टीमची कॅप्टन. "अण्णांनी बोलावलंय. अपने यहां कोणाला लागलं तर ती घरी नाही बसत, ग्राउंडवर बसते."

"बसून काय करू? तुम्हाला खेळताना बघून रडू?"

टीममध्ये येऊन जेमतेम महिना होतोय तोच हाटपिपल्याच्या मॅचमध्ये ऋजुताचा घोटा मोडला होता. तेव्हापासून तिने फुटबॉलचं नाव टाकलं होतं. बूट कोणाला तरी देऊन टाक, असं तिने आईला सांगितलंही होतं. आईने ते न ऐकल्यासारखं केलं. आज मात्र ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"जा गं बाई. भिंतीकडे तोंड करून पडण्यापेक्षा बरं."

अण्णा मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी कारखान्याच्या नोकरीसाठी देवासला आले आणि इथलेच झाले. नोकरी संपली, पुढे बायकोही गेली. आता रोज संध्याकाळी मुलींना फुटबॉल शिकवायचा, एवढंच त्यांचं काम. मैदानाच्या कडेला त्यांची खुर्ची असे. जान्हवी ऋजुताला घेऊन आली, तसा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी हात आपटला.

"बस पोरी. पाय विटांवर ठेव. हं, आता सांग, काय चाललंय?"

"म्हणजे?"

"कोण कुठं आहे, कोण पळतंय, कोण दमलंय. सगळं सांगायचं. पाय बंद पडला म्हणून डोळे बंद ठेवायचे नाहीत."

ऋजुता तोंड वाकडं करून बोलू लागली. "अनन्याकडे बॉल आहे. तिने पास दिला."

"कुणाला? डावीकडं कोण मोकळं होतं?"

ऋजुताने ते पाहिलंच नव्हतं. पुढच्या वेळी तिने पाहिलं.

"अण्णा, अनन्या दर वेळी उजवीकडेच वळते."

अण्णा ताडकन उभे राहिले. "अनन्या! डावी बाजू काय माहेरी गेली का?"

"जी अण्णा!" लांबून अनन्याने हात वर केला, आणि पुढचा पास डावीकडे गेला.

आपण बोललेलं थेट मैदानात पोचतंय, हे ऋजुताला आवडलं. दुसऱ्या दिवशी जान्हवी यायच्या आधीच ती कुबडी घेऊन फाटकाशी उभी होती.

सराव संपला की अण्णा तिचा कोपर धरून रस्त्यापर्यंत येत. "कुबडी घसरते पोरी, सांभाळून," म्हणत. दोघं सावकाश चालत. मग मुली अण्णांना घरापर्यंत सोडायला जात, वाटेत गप्पा मारत.

लागलं की अण्णांजवळ बसायची ही पद्धत टीममध्ये जुनीच दिसत होती. हिवाळ्यात अनन्याचा गुडघा सुजला होता, त्याआधी जान्हवीची मांडी धरली होती. दोघीही अण्णांच्या शेजारी बसल्या होत्या.

"कंटाळा नाही आला?" ऋजुताने अनन्याला विचारलं.

"नाही गं. बहुत सीखने मिलता है," अनन्या म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

प्लास्टर निघालं, तरी धारच्या मॅचला खेळायची परवानगी मिळाली नाही. ऋजुता अण्णांजवळ बसली. धारच्या मुलींनी आधी गोल केला. क्लबमधले काही जण नवा कोच आणायचं बोलत होते, ते सगळ्यांच्या कानावर होतं.

"काय दिसतंय, पोरी?"

"त्यांची राइट बॅक... पळून आली की कमरेवर हात ठेवून उभी राहते. दमलीय ती."

"पक्कं?"

"पक्कं, अण्णा."

"जान्हवी! डावीकडनं घुस!"

देवासचे दोन्ही गोल त्याच बाजूने झाले आणि मॅच जिंकली. शिट्टी वाजली तेव्हा अण्णांनी ऋजुताचा हात घट्ट धरून ठेवला होता.

परतताना घाटाबिल्लोदला बस चहासाठी थांबली. अण्णा बसमध्येच बसून राहिले. "सोमवारपासून तू खेळायचं," ते ऋजुताला म्हणाले. "डॉक्टर हो म्हणालेत. आता शेजारी बसणं बंद."

ऋजुता उड्या मारतच खाली उतरली आणि तिने जान्हवीला मिठी मारली. "सोमवारपासून मी खेळणार! खरं सांगू? अण्णांनी शेजारी बसवून घेतलं नसतं तर मी फुटबॉल सोडलाच असता."

जान्हवी हसली. तिने बसकडे पाहिलं आणि मुलींना टपरीच्या मागच्या बाजूला बोलावलं.

"ऋजुता खेळणार. मग अब किसका नंबर?"

"माझा परत लाव," अनन्या म्हणाली. "गुडघाच सांगते."

ऋजुताला काही कळेना. "नंबर? कसला नंबर?"

"हळू बोल," जान्हवी म्हणाली. "अण्णांना दिवाळीपासून समोरची गोलपोस्टसुद्धा दिसत नाही. ते कोणाला सांगत नाहीत. आणि आम्हाला कळलंय, हे त्यांना कळू द्यायचं नाही. ग्राउंड सुटलं तर त्यांच्याजवळ दुसरं आहे काय?"

"पण तुझी मांडी? अनन्याचा गुडघा?"

जान्हवीने चहाचा ग्लास तिच्या हातात दिला.

"यंदा खरंच लागलं ते फक्त तुला."