हिरवा ठिपका

चारा बदलला, खनिजं दिली, गोठ्यात पंखे लावले, तरी हरणी गाभण राहिना. शेवटी डॉक्टरांनी तिच्या गळ्यात ताण ओळखणारा पट्टा बांधला. गाय शांत असली की त्याचा दिवा हिरवा व्हायचा, कासावीस झाली की लाल.

शेवंता धार काढायला टेकली आणि दिवा लाल झाला.

"वहिनी, तुम्ही हिच्यापाशी रडता का?" डॉक्टरांनी विचारलं.

शेवंताची लेक पल्लवी वारल्यापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. सासूबाईंना ते सोसत नसे. धार काढताना हरणीच्या कुशीला कपाळ टेकून शेवंता काय रडायची, तेवढंच.

"आजपासून धार मी काढतो," तिचा नवरा रंगनाथ तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू जरा लांब हो."

ती दारात गेली. हरणी मान वळवून तिच्याकडे बघत होती, दिवा लालच होता. ती अंगणात गेली, तरी लाल. मग ती पार बांधापर्यंत गेली. तिथून गोठा काडेपेटीएवढा दिसत होता आणि त्यात एक हिरवा ठिपका.

"झालं बघ!" रंगनाथनं आनंदानं हाक दिली. "आता तिथंच थांबत जा."