त्र्यंबकरावांचा मधला मुलगा

“काका, आता तुमची शाखा,” असं म्हणत गुरुदत्ताने टाक शाईत बुडवला, आणि प्रभाकरपंतांची पेंग मोडली.

जेवणं नुकतीच उरकली होती. कल्याणच्या तळ्याकाठी, देवळाच्या सभामंडपात, दीडशे काल्हेरकर खांबांना टेकून सुपारी कातरत बसले होते. माघातलं ऊन पाण्यावरून उसळून छताला लागत होतं आणि तिथे हलत होतं. सगळा मंडपच पाण्याखाली आहे, असं पंतांना झोपेत वाटलं होतं.

पाच वर्षांपूर्वी पहिलं कुलसंमेलन भरलं तेव्हा सात जण आले होते, आणि वंशावळ एका कागदावर मावली होती. मग कुणी पेणहून आलं, कुणी बडोद्याहून. कागदाला कागद चिकटत गेले. आता ती गुंडाळी उलगडली की गाभाऱ्यापासून पायरीपर्यंत पोचायची. यंदा तर मंडळाने लेकींनाही बोलावलं होतं. पंतांची धाकटी बहीण विमलाबाई साठ वर्षांनी माहेरच्या माणसांत बसून जेवली होती.

आज शेवटचं वाचन. उद्या वंशावळ ठाण्याला शिळाप्रेसमध्ये छापायला जायची होती. मग त्यात काही घालता यायचं नाही, काढता यायचं नाही.

“त्र्यंबकरावांना अपत्यं दोन,” गुरुदत्ताने वाचलं. तो ठाण्याला वकिली करायचा आणि मंडळाचा चिटणीस होता. “मुलगा प्रभाकर, मुलगी विमला. बरोबर?”

“तीन,” पंत म्हणाले. “मधला राहिला. विश्राम.”

सुपारी कातरायचे आवाज थांबले.

विश्राम हा मिठागरावरच्या एका आगऱ्याचा पोर. त्याला आई नव्हती. तो त्र्यंबकरावांच्या मागच्या पडवीत जेवायचा आणि दिवसभर प्रभाकरबरोबर असायचा. प्रभाकर दहा वर्षांचा आणि विश्राम नऊ वर्षांचा असताना दोघे एका भरतीला कुणाची तरी होडी सोडून खाडीत गेले. होडी उलटली. विश्रामने खालून ढकलून प्रभाकरला तिच्या पाठीवर चढवलं. मग प्रभाकरने हात खाली घातला, तर तिथे नुसतं पाणी होतं. होडी काठाला लागल्यावर कपडे अंगावरच वाळेपर्यंत तो झुडपात बसून राहिला, आणि घरी येऊन सांगितलं, ‘विश्राम एकटाच गेला. मी काठावर होतो.’

त्यानंतर पंतांनी कचेरीत नोकरी केली, घर बांधलं, नातवंडं मांडीवर घेतली. पण स्वप्नात ते अजून दहा वर्षांचेच होते. उपड्या होडीवर पालथे पडून, हात पाण्यात सोडून. लहानपणी या स्वप्नातून ते ओरडत उठायचे, तेव्हा शेजारी विमला निजलेली असायची. यातलं त्यांनी कुणाला कधी काही सांगितलं नव्हतं.

“हे नाव कुठल्याच टिपणात नाही,” गुरुदत्त चाचरत म्हणाला. “दत्तक होता का?”

“भाऊ होता.”

“तुमच्या शब्दावर माझा अविश्वास नाही, काका. पण दुसऱ्या कुणाच्या साक्षीशिवाय नाव चढवायचं नाही, हा नियम तुम्हीच घालून दिलात.” त्याने मंडपभर पाहिलं आणि बायका बसल्या होत्या तिकडे वळला. “आत्याबाई, तुम्हांला आठवतो का हा भाऊ?”

विमला तेव्हा सात वर्षांची होती. विश्राम कुणाचा कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि विमला खोटं बोलत नसे, देवळात तर नाहीच.

विमलाबाई हातावर भार देऊन उठल्या, पदर सावरला आणि सावकाश कागदापर्यंत आल्या. भावाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“आठवतो तर,” त्या म्हणाल्या. “डाव्या भुवईवर खोक होती. भाऊबिजेला दादा पाटावर बसला, की तो मागच्या दारी उभा राहायचा. आई आत वळली की मी तबक घेऊन तिकडे पळायचे. दोन भाऊबिजा ओवाळलंय मी त्याला. एका वर्षी त्याने मला ओवाळणीत शिंपला घातला होता, आतून मोरपंखासारखा.”

गुरुदत्त दोन नावांच्या मधल्या चिंचोळ्या जागेवर वाकला. टाक करकरू लागला.

पंत बहिणीकडे बघत राहिले. भुवईवरची खोक त्यांना आठवत होती. मागचं दार, तबक, शिंपला यातलं मात्र काहीच त्यांना माहीत नव्हतं. खरंच तसं घडलं होतं, की ती उभ्या उभ्या रचत होती? तिच्या चेहऱ्यावर तळ्याचा उजेड हलत होता, आणि क्षणभर त्यांना ती सात वर्षांचीच दिसली.

“वाचून दाखवतो,” गुरुदत्त म्हणाला. “विश्राम त्र्यंबक काल्हेरकर. बालपणी वारला.”

“नुसतं वारला लिहू नकोस,” विमलाबाई म्हणाल्या. “भावाला होडीवर चढवून गेला, असं लिही.”

गुरुदत्ताने टाक उचलला. “कुठल्या भावाला?”

तेव्हा कुठे विमलाबाईंनी पंतांकडे पाहिलं.

“हा बसलाय ना,” त्या म्हणाल्या, “त्याला.”