पुस्तकाला माती

पडेगावच्या नव्या वसाहतीत मिल्काबाईंनी मजुरीला आलेल्या मल्हाररावांकडून अंगणात खड्डा खणून घेतला. मग आतून पान पान सुटलेलं एक पुस्तक आणलं.

"आम्ही यहुदी लोक जुनं झालेलं धर्माचं पुस्तक रद्दीत घालत नाही. त्याला माती देतो."

मल्हाररावांनी चपला काढल्या. "मग आधी त्याच्याबद्दल चार शब्द बोला की."

बाईंनी मधलंच पान उघडून वाचलं, "मोशे परमुलखात गेला. तिथं विहिरीवर त्यानं लोकांच्या मेंढरांना पाणी पाजलं, अन् पुढं मेंढरंच राखत राहिला."

"म्हंजी आमच्यातलाच व्हय?" मल्हारराव खड्ड्याच्या काठावर बसले. गेल्या दुष्काळात त्यांनी सगळी मेंढरं विकली होती. "त्या विहिरीला पाणी होतं का, बाई?"

"होतं."

"मग वाचा पुढं."

वाचन सुरू होऊन पंधरा दिवस झाले. काल मल्हारराव येताना कडुनिंबाचं रोप घेऊन आले आणि बाईंना न विचारताच त्यांनी ते खड्ड्यात लावलं.

"अहो, आणि पुस्तक?"

"जित्याला माती देत नसतेत, बाई."