लिंकमधली माणसे

ताईसाठी आणि माझ्यासाठी भाड्याचे घर शोधायला मी एक छोटी वेबसाइट बनवली होती. कितवा मजला, किती माणसे, ही आमची निवड पानाच्या लिंकमध्येच लिहिली जाई. ती लिंक मी ताईला पाठवत असे.

मग ताई आजारपणात गेली. महिन्याभराने मी नियम बदलला: माणसांच्या जागी फक्त 'एक' चालेल, दुसरे काही आले, तर पान स्वतःच त्याचे 'एक' करील. एवढी एक ओळ लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

आज दुपारी ऑफिसात लिंक उघडली, तर माणसे दोन.

"तूच टाकलं असशील, शहाण्या," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "पण टिकलं कसं? तुझा नियम दोन घेतच नाही ना?"

"नाही घेत."

तिने तीच लिंक स्वतःकडे उघडली. तिथे एक होते.

माझ्या पडद्यावर आता मजल्याचा आकडा उतरू लागला: चार, तीन, दोन. माझे हात मांडीवर होते. ताईला जिने चढवत नसत. मला वाटले, तळमजल्याशी ती थांबेल.

शून्य आले, आणि आकडा त्याच्याही खाली गेला. माणसे दोनच राहिली.