वर केलेला हात

फ्लेक्सच्या मशीनमधून दुकानाचा बोर्ड छापून बाहेर येत होता आणि प्रत्येक अक्षराभोवती शाईचा बारीक फवारा बसला होता. सुनेने शाई सोडणारं हेड पुसून पाहिलं, खाली घेऊन पाहिलं, शाईसुद्धा बदलली. फरक काही पडेना.

"वहिनी, अक्षरांना मिशा फुटल्यात की हो!" गिऱ्हाईक म्हणालं.

फोनवर नवरा वैतागला. "बाबांचं मशीन म्हणून किती ओढायचं? आजही नीट चाललं नाही, तर विकून टाकू ते धूड."

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. आयुष्यभर हे मशीन त्यांनीच चालवलं होतं. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली, चालता हात एक तेवढा उरला. तो त्यांनी पुन्हा टेबलफॅनकडे केला.

"उकडतंय ना, बाबा? कळतंय हो मला." सकाळपासून ते हात करत होते आणि ती दर वेळी पंखा वाढवत होती. आताही तिने वाढवला.

मशीन चालू केलं. फवारा आणखीच पसरला. ती थकून बोर्डावर वाकली. शिंतोडे सगळे अक्षरांच्या डाव्या बाजूला होते. कपाळावरच्या तिच्या बटाही डावीकडेच उडत होत्या.

तिने पंख्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. हात अजून वरच होता.

तिने पंखा बंद केला. पुढचं अक्षर कोरल्यासारखं स्वच्छ उमटलं.

तेव्हा कुठे, पंख्याविना घामाने निथळू लागलेल्या बाबांनी तो हात खाली घेतला.