चालतंय ना, मग?

"चालतोय ना? मग कशाला हात लावतेस?" ऑफिसातल्या म्हाताऱ्या लिनक्स सर्व्हरचा विषय काढला की साहेबांचं हे ठरलेलं. शेवटी तिने त्यांना समोर बसवलं.

"साहेब, ह्याच्या अपडेट कधीच बंद झाल्यात. एक दिवस हा सगळ्यांना घेऊन बुडेल. पण घाबरू नका, जुना एकदम बंद करायचाच नाही. शेजारी नवा उभा करू, रोज थोडं थोडं तिकडे हलवू. सगळं नीट पोचलं की मगच ह्याची वायर काढू. कुणाला कळणारही नाही."

तसंच केलं. खरंच कुणाला कळलं नाही.

आईला फोन लावला, तर तीही तेच म्हणाली, "चाललाय ना संसार? मग कशाला उकरून काढतेस?"

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच नवऱ्याने रोजच्यासारखी तिची ऑफिसची बॅग हिसकावून पलंगावर उपडी केली. डबा, चार्जर, रुमाल.

"काही लपवत नाहीस ना?"

"बघ ना तूच."



कपाटातला तिचा कप्पा जवळजवळ रिकामा झाला होता. सकाळी ती बॅगेतून काय घेऊन जाते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.